परत मागितलेले लाडू

मी एकदा आमच्या जावयाला परक्या मुलखात तुरुंगात पाठवायची पक्की तयारी केली होती. रागानं नव्हे, प्रेमानं. आणि त्यासाठी वापरले ते डिंकाचे लाडू.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. मी तेव्हा एक्कावन्न वर्षांची होते आणि जगातलं आपल्याला सगळं कळतं, अशी माझी ठाम समजूत होती. आता त्या बाईची आठवण आली की तिचा कान धरावासा वाटतो. पण ती सापडायची कुठे? आरशात बघितलं तर तिथे भलतीच म्हातारी हसत उभी असते.

लेक दुबईला होती. जावई मूळचे कोल्हापूरकडच्या मुरगूडचे. तिकडे इमारतींचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचं गोदाम सांभाळायचे. लेकीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिच्या डॉक्टरीणबाईंनी विमान नको म्हणून सांगितलं. मग माहेरच उचलून तिकडे न्यायचं ठरलं. माहेर म्हणजे मी, दोन बॅगा आणि एक मोठा स्टीलचा डबा. आमचे हे घर राखायला मागे.

निघायच्या आधी लेकीचा फोन आला. "आई, बाकी काय आणायचं ते आण, पण खसखस अजिबात आणू नकोस. इथे बंदी आहे. सापडली तर सरळ तुरुंग."

"बरं बरं," म्हणून मी फोन ठेवला आणि ह्यांच्याकडे वळले. "खसखशीवर बंदी म्हणे! उद्या मिठावर घालतील."

"मग नको नेऊस ना," हे पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले.

"तुम्हाला काय कळतंय बाळंतपणातलं?"

आता नीट लक्षात घ्या, मी खसखस नेली नाही. पुडी बांधून बॅगेत ठेवली नाही. मी ती खमंग भाजली, खारकेच्या पुडीबरोबर मिक्सरमधून बारीक काढली आणि लाडवांत मिसळून टाकली. एकदा लाडवात गेली की खसखस ही खसखस राहत नाही, तिचा लाडू होतो, असा माझा कायदा होता. तो फक्त कोल्हापूरच्या आमच्या मंगळवार पेठेत लागू आहे, एवढंच मला ठाऊक नव्हतं. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींचे लाडू मी वळून दिलेले. माझ्या लाडवाला जी चव आहे ती खसखशीची, हे मी कुणालाही सांगत नसे आणि सगळ्यांना माहीत होतं.

विमानतळावर माझ्या डब्याकडे कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मला थोडा अपमानच वाटला.

पहिल्या दिवशी मी गाडीच्या काचेला नाक लावून बसले होते. अर्ध्या तासानं जावयांना विचारलं, "वाळवंट कधी येणार?"

ते म्हणाले, "मामी, आपण त्याच्यावरूनच चाललोय की."

आमच्याकडे जावई सासूला मामी म्हणतात. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि त्या तीन वर्षांत 'मामी, जेवलासा?' आणि 'मामी, येऊ मग?' ह्यापलीकडे आमचं बोलणं गेलं नव्हतं. माणूस मुलखाचा अबोल. आणि मी बोलायला लागले की समोरच्याला तसाही वाव मिळत नाही.

नात झाली. गोरीपान, रडकी, गुणी. दुपारी मायलेकी झोपल्या की घर गप्प व्हायचं आणि माझ्या पायांना खाज सुटायची. लेक म्हणायची, "आई, लांब जाऊ नकोस." मी म्हणायचे, "कुठे जातेय? इथेच कोपऱ्यावर." माझा कोपरा कधीकधी तीन मैलांवर असायचा.

मला कुठलंही गाव कळायचं म्हणजे आधी ते कोल्हापुरात बसवावं लागतं. लेक राहायची तो करामा भाग, तो मी मंगळवार पेठ म्हणून जाहीर केला. चार-चार मजल्यांच्या बुटक्या इमारती, समोरासमोर खिडक्या, वाळत घातलेल्या लुंग्या, कुणाच्या घरी आज मासे आणि कुणाच्या घरी सांबार ते जिन्यातच कळायचं. तालीम तेवढी नव्हती. ती असती तर मी कोल्हापूरला परतलेच नसते. मधेमधे मोकळे प्लॉट होते आणि त्यांत वाळू. वाळवंटाचं जे काय उरलं होतं ते त्या प्लॉटांत होतं, आणि त्यावर लोकांनी गाड्या लावल्या होत्या.

दिशा कळायला मला खूण लागते. घरी गच्चीवर गेलं की जोतिबाचा डोंगर दिसतो आणि मन स्वस्थ होतं. इथे डोंगर नाही. म्हणून मी आमच्या इमारतीमागची एक उंच पिवळी क्रेन हेरली. तिच्याकडे बघत चाललं की घर येतं, हा माझा शोध दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी अशीच वर बघत ऐटीत चालत गेले आणि पोचले भलतीकडेच. क्रेन बरोबर होती, फक्त ती आमची नव्हती. त्या शहरात तेव्हा मान वर करावी तिकडे पिवळी क्रेन उभी.

तो भाग म्हणजे सतवा. इथे आमचं उद्यमनगर आणि महाद्वार रोड एकमेकांत मिसळलेले. एकीकडे मोटारीच्या सीटांना कव्हरं शिवणारे, दुसरीकडे कापडाची दुकानं, मधेच भट्टीतून निघणारी हातभर लांब रोटी. मी घामाघूम होऊन एका शिंप्याच्या दारात उभी राहिले. पाकिस्तानातला माणूस, दाढी पांढरी, गळ्यात टेप. त्यानं आधी खुर्ची दिली, मग पाणी, आणि मग विचारलं, "बहनजी, कहाँ जाना है?"

"वो पिवळी क्रेन के पास," मी म्हणाले.

तो बराच वेळ हसला. नंतर दुकान बंद करून मला मोठ्या रस्त्यापर्यंत सोडायला आला.

आता अशा माणसाला काही न देता कसं राहायचं? दुसऱ्या दिवशी मी लेकीच्या घरातला एक डबा लाडवांनी भरून त्याला नेऊन दिला.

मग मला चटकच लागली. एका शुक्रवारी जावयांनी खाडी दाखवली. शहराच्या मधोमध पाणी, आणि ह्या काठावरून त्या काठाला जायला लाकडी होड्या, मधल्या बाकावर पाठीला पाठ लावून बसायचं. पाण्याला डिझेलचा वास. मी तिला मनातल्या मनात पंचगंगा म्हणून टाकलं आणि पलीकडच्या देराला लक्ष्मीपुरी. पोती, हातगाड्या, हमाल, 'बाजूला बाजूला' ह्या अर्थाची दहा भाषांतली ओरड. नंतर मी एकटीच जायला लागले. तिथल्या मसाल्याच्या बोळात एका म्हाताऱ्या इराणी दुकानदाराशी माझं डिंकावरून भांडण झालं. मी म्हणाले, हा डिंक नाही, खडे आहेत. त्यानं एक खडा माझ्या हातावर ठेवला आणि डोळ्यांनीच 'तोंडात टाक' म्हणाला. टाकला. असा डिंक मी जन्मात चाखला नव्हता. हरले ते हरले, वर दुसऱ्या दिवशी त्यालाही एक डबा नेऊन दिला. आमचा डिंक काय चीज आहे ते कळू दे म्हणून.

तिसरा डबा गेला जुमेराला. ते आमचं ताराबाई पार्क. उंच कुंपणाच्या भिंती, भिंतीवरून बाहेर आलेली बोगनवेल, रस्त्यावर चिटपाखरू नाही. पलीकडे समुद्र. जावयांच्या कंपनीचे मालक तिथे राहत, तिथलेच अरब. मालकांच्या आईनं नातीसाठी गोधडीएवढं मऊ पांघरूण आणि परातभर खजूर पाठवला होता. आमच्या पेठेत कुणाकडून आलेलं भांडं रिकामं परत जात नाही. मी परातीत सगळ्यांत मोठा डबा ठेवला आणि जावयांच्या हाती दिला. त्यांनी तो स्वतः मालकांच्या दारात नेऊन पोचवला. बिचाऱ्यांना काय माहीत आपण काय नेतोय ते.

पुढे आठ दिवसांनी, एका गुरुवारी संध्याकाळी, चहा पिताना लेक म्हणाली, "आई, लाडू अगदी घरच्यासारखे लागतात गं. खसखस नसूनसुद्धा."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण लाडवाला कमी लेखलेलं मला कधी सोसलंय?

"नसून कशी? आहे की! त्याशिवाय का ही चव?"

जावयांच्या हातात अर्धा लाडू होता. तो तसाच राहिला. "मामी, काय म्हणालासा?"

मी पुन्हा सांगितलं, जरा कमी आवाजात.

ते उठले आणि त्यांनी आधी खिडकी लावली. मला अजून आठवतं, ते ओरडले नाहीत, फक्त खिडकी लावली. मग खाली बसून म्हणाले, "त्यांच्या कायद्यात ती अफूच हाय, मामी. आमच्या ओळखीत एकाला आत घेतलं हुतं. पाव चमचाभर सापडली हुती, मसाल्याच्या पुडीत." माणूस घाबरला की मुरगूड बाहेर येतं. एरवी ते 'जेवलासा' सोडलं तर अगदी पुस्तकातल्यासारखं बोलायचे.

लेक पाळण्याची दोरी धरून पांढरीफटक बसली होती. नातीचा पासपोर्ट अजून झाला नव्हता. जावई आत गेले असते तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर व्हिसा, आणि तीन आठवड्यांची पोर घेऊन ही कुठे जाणार होती? माझा सगळा शहाणपणा चहाच्या कपात विरघळून गेला.

"किती डबे बाहेर गेलेत?" जावयांनी विचारलं.

"तीन."

"त्यातला एक मीच मालकांच्यात दिलाय."

"हो."

मग लेक म्हणाली, "परत आणायला पाहिजेत."

दिलेलं खाणं परत मागायचं! आमच्या पेठेत असं कुणी केलं असतं तर त्या घराशी तीन पिढ्या सोयरीक झाली नसती. आणि मागायचं तरी काय सांगून? खरं सांगितलं तर ऐकणाराही अडकतो. दिलेलं खाणं परत घ्यायला जगात एकच कारण चालतं, ते खराब झालं म्हणून. "खवट झालेत म्हणू," मी म्हणाले. हे वाक्य माझ्या तोंडून कसं निघालं ते मलाच माहीत. माझा लाडू, आणि खवट!

दुसऱ्या दिवशी शुक्रवार, जावयांना सुट्टी. सकाळीच आम्ही दोघं निघालो. आधी सतवा. शिंप्याचं दुकान बंद होतं, पण तो मागच्याच खोलीत राहायचा. मला बघून त्याचा चेहरा उजळला, आणि मला वाटलं, इथूनच परत फिरावं.

"भाईसाब, वो लाडू," मी सुरुवात केली, "वो खराब हो गया. खोबरा बास मारता है. वापस देव."

"खराब?" तो म्हणाला. "मैंने दो खाए थे, बहनजी. बहुत अच्छे थे. बाक़ी तो सिल गए."

"सिल गए म्हणजे?"

त्यानं आतून एक पांढऱ्या कापडाचं गाठोडं आणलं. चारी बाजूंनी बारीक टाके घालून शिवलेलं, वर शाईनं उर्दूत पत्ता. त्याच्या मुलीला आठवा महिना चालला होता. गावचा एक माणूस दुपारच्या विमानानं जाणार होता, त्याच्याबरोबर तो हे पाठवणार होता. मी डबा देताना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं ना, बाळंतिणीला ताकद येते म्हणून! तेच त्यानं मनावर घेतलेलं.

आमचं सोडा, तो गावचा अनोळखी माणूस माझे लाडू काखोटीला मारून विमानतळावर गेला असता.

"देखो," मी म्हणाले, "मी दाखवते." त्यानं एका कोपऱ्यातले चार टाके उसवले. मी एक लाडू काढला, चावला आणि तोंड वाकडं केलं. लाडू अप्रतिम होता. तूप कसं मुरलेलं, डिंक कसा कुरकुरीत! आयुष्यात मी बरीच नाटकं केली आहेत, सासरी तर फार. पण त्या एका घासाएवढा अभिनय मला पुन्हा जमला नाही.

तो ब्लेड घेऊन बसला आणि एकेक टाका उसवायला लागला. कापड फाटू नये म्हणून सावकाश. डबा बाहेर निघाला तशी मी तो घ्यायला हात पुढे केला, तर म्हणाला, "ज़रा ठहरिए, बहनजी. ख़ाली हाथ कैसे जाएँगी?" आणि शिलाईतल्या उरलेल्या कापडांतून त्यानं माझ्या नातीसाठी शिवून ठेवलेलं एक झबलं डब्यावर ठेवलं. फिकट पिवळं. गळ्याला लेस.

गाडीत मी ते मांडीवर घेऊन बसले.

"तोंड चांगलं वाकडं केलासा," जावई म्हणाले.

देरातली दुकानं शुक्रवारी चारनंतर उघडतात. तोवर घरी यायला काही हरकत नव्हती, पण घरी जाऊन लेकीचं तोंड बघायची माझी तयारी नव्हती. म्हणून आम्ही खाडीवर बसून राहिलो आणि चारच्या होडीत चढलो. आणि बसल्यावर माझ्या लक्षात आलं की शिंप्याचा डबा माझ्या मांडीवरच आहे. गाडीत ठेवायचा, तर मी सवयीनं कडेवर घेऊन आले होते. तेवढ्यात काठावर उभा असलेला एक पोलीस होडीत चढला आणि नेमका माझ्या शेजारी येऊन टेकला.

तरणाबांड, मिशी कोरलेली. त्यानं डब्याकडे बघितलं. डबा चकचकीत होता, तूप बाहेरून थोडं ओघळलेलं, वास सुटलेला. तो माझ्याकडे बघून हसला.

आता आमच्याकडे कुणी आपल्या डब्याकडे बघून हसलं तर काय करतात? झाकण उघडतात. हे काही डोक्यानं ठरवून होत नाही. माझा हात आपोआप झाकणावर गेला. अर्धं झाकण वरही आलं असेल.

तेवढ्यात जावयांनी माझं मनगट धरलं. तीन वर्षांत त्यांनी मला पाया पडण्यापुरतंच शिवलं होतं. त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "मामी," ते अगदी हळू आवाजात म्हणाले, "पोरगी लहान हाय माझी."

मी झाकण दाबून बंद केलं आणि पलीकडचा काठ येईपर्यंत दोन्ही हात त्यावर ठेवून बसले. पोलीस उतरताना मला सलाम करून गेला. म्हातारीला होडीची भीती वाटते, असं वाटलं असेल त्याला.

इराण्याच्या दुकानात मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं. लाडू खराब, खोबरं खवट, वापस देव. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबला, खालचा खण उघडला आणि माझा डबा काढून समोर ठेवला. आत एक लाडू अर्धा मोडलेला, बाकी जसेच्या तसे.

"ख़राब नहीं है, मम्मा," तो म्हणाला. "चालीस साल मसाला बेचता हूँ. एक दाना ज़बान पर आया और मालूम पड़ गया. फेंका नहीं, किसी को दिया नहीं. मालूम था तुम आएगा."

एवढी मोठी बाई, पेठेत जिच्या शब्दाला मान, ती मसाल्याच्या पोत्यावर हात टेकून शाळेतल्या पोरीसारखी खाली मान घालून उभी. जावयांनी त्याचे दोन्ही हात धरले. त्यानं डब्यावर वाळलेल्या काळ्या लिंबांची पिशवी ठेवली. रिकामा डबा त्यालाही चालत नव्हता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "डिंक मेरा ही अच्छा है." मी हो म्हणाले. म्हणजे त्या दिवशी मी काहीही कबूल केलं असतं, पण ते खरंही होतं.

आता राहिलं जुमेरा. सगळ्यांत अवघड. जावई फाटकाबाहेर गाडीत थांबले. बायकांच्या बैठकीत मी एकटीनं जायचं होतं. एका केरळी बाईनं दार उघडलं. आत गालिच्यावर मालकांच्या आई बसल्या होत्या, चेहऱ्यावर सोनेरी चमकणारी पट्टी बांधलेली, भुवयांपासून ओठांपर्यंत. फक्त डोळे दिसायचे, आणि ते माझ्यापेक्षाही खोडकर होते. त्यांना हिंदी येत नव्हतं, मला अरबी. मधे ती केरळी बाई.

मी म्हणाले, लाडू खराब झाले होते, परत न्यायला आले.

तिनं सांगितलं. मालकांच्या आईंनी डोळे मोठे केले, मग पोटावर हात ठेवला आणि काहीतरी बोलल्या. केरळी बाई हसत म्हणाली, "पूछती है, मैं मर गई क्या? सब खा लिया. रोज एक, कॉफी के साथ."

"सगळे?"

"सब. एक भी बेटा को नहीं दिया. और चाहिए, बोलती है. घुटना का दर्द कम हुआ."

तिथेच गालिच्यावर लोळण घ्यावी एवढा आनंद झाला मला. डबा घासून पुसून तयार होता, आत खजूर खच्चून भरलेला. मी और भेजेगी, भेजेगी, असं दहा वेळा सांगून उठले. पुढच्या आठवड्यात मी खसखशीऐवजी तीळ घालून, इराण्याच्याच डिंकाचे नवे लाडू केले. शिंप्याच्या लेकीचे नव्या पार्सलातून गेले. जुमेराहून मात्र उलट निरोप आला, "पहलेवाला ज्यादा अच्छा था." बाईंची जीभ पक्की होती.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी मी जड डबा घेऊन फाटकाबाहेर आले, तर जावयांना वाटलं, लाडू परत मिळाले. मी झाकण उघडून खजूर दाखवला. त्यांनी स्टेअरिंगवर कपाळ टेकलं.

"सगळे खाल्ले त्यांनी," मी म्हणाले.

"देव पावला," ते म्हणाले, आणि त्यानंतर बराच वेळ त्यांना गाडी सुरू करता येईना. किल्ली दोनदा पायाशी पडली. तेव्हा कुठे मला कळलं की सकाळपासून हा माणूस किती घाबरलेला होता. दिवसभरात तो मला एक वावगा शब्द बोलला नव्हता. मी त्याच्या जागी असते तर माझ्यासारख्या सासूला त्या खाडीतच सोडलं असतं.

उरलेल्या लाडवांचं काय करायचं हा प्रश्न होताच. कचऱ्यात टाकायची जावयांची हिंमत होईना, आणि अन्न टाकायचं म्हणून माझी. शेवटी मी आणि लेकीनं ते सगळे संडासात कुस्करून पाण्याबरोबर सोडून दिले. पुऱ्या साठ-सत्तर लाडवांचं विसर्जन. शेवटचा सोडताना मी हात जोडले. लेक म्हणाली, "आई, आता आरती पण कर."

फक्त एक गोष्ट माझ्यासारख्या लाडवातल्या जाणकार बाईच्या लक्षात आली नाही. डिंक पाण्यात फुगतो.

सकाळी नळी तुंबली. प्लंबरला बोलवायची सोय नव्हती. त्यानं बाहेर काय काढलं असतं आणि कुणाला दाखवलं असतं कोण जाणे. म्हणून ऑफिसला जायच्या आधी जावई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात तार घेऊन उकिडवे बसले, आणि मी बादली धरून मागे उभी राहिले. तारेच्या टोकाला तुपाचा, खारकेचा, डिंकाचा चिकट लगदा येत होता आणि ते तो बादलीत सोडत होते. एक तास. मी तोंडानं काही बोलत नव्हते, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत मोठा मौनाचा काळ असेल.

शेवटी पाणी खळखळून गेलं. मी म्हणाले, "चुकलं माझं. त्या लोकांपुढे दिवसभर लाडूही बदनाम झाले."

जावयांनी तार धुऊन बाजूला ठेवली, बाहीनं घाम पुसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"मामी, लाडू खवट न्हवतं. रोज तीन हाणलेत मी. पण परत आणलासा, तर मीच पोलिसात सांगतो."